गोल्ड पॅकेजमध्ये मी

पांडेसरा, सुरत
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

सौ. वर्षाताईस,

किरणचा नमस्कार. मी इकडे बरा आहे, तुम्ही सगळे तिकडे बरे असाल. आईचा गुडघा कसा आहे? तेल संपलं असेल तर सांग, इकडे चांगलं मिळतं. थंडी अजून पडली नाही.

झालं. एवढं लिहायचं असतं म्हणून लिहिलं.

सातवीनंतर सही सोडून मी काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. फोन केला असता, पण फोनवर बोललेलं आता माझं राहत नाही. ते दुकानात जातं. कुणाच्या दुकानात ते तुला माहीत आहे. घरच्या पत्त्यावर टाकलं तर दाजी फोडतील, म्हणून अंगणवाडीच्या पत्त्यावर टाकतोय. पोरांना खिचडी वाढून झाली की एकटी बसून वाच.

दाजी सल्लागार झाले हे तू दिवाळीत सांगितलंस तेव्हा मी हसलो होतो. विमा झाला, पाण्याचं फिल्टर झालं, म्हटलं आता हे. जळगावला कुठल्या हॉटेलात दोन दिवस बसून शिकून आले म्हणे, की माणसाच्या डोक्यात जे आहे त्याचं पॅकेज करून विकायचं. विका ना. पण स्वतःच्या डोक्यातलं विका! दाजी सुरतेला आले एकदाच, तुझ्या नणंदेच्या लग्नाचा बस्ता घ्यायला, आणि दिवसभर 'इथलं पाणी जड आहे' म्हणत बाटलीतलं पाणी पीत बसले. तो माणूस आता 'सुरत रोजगार सल्लागार'. पाटीवर फोटो पण आहे, कोट घातलेला. कोट कोणाचा आणला?

आधी मला नुसते फोन यायला लागले. अनोळखी नंबर. "सर, मी धरणगावहून बोलतोय, मी सिल्व्हर आहे." म्हटलं, सिल्व्हर म्हणजे काय? तर म्हणे, "गजेंद्र सरांचं सिल्व्हर पॅकेज घेतलंय, पण ठेकेदाराशी काय बोलायचं ते गोल्डमध्ये आहे. तुम्ही तेवढं फुकट सांगा ना." कामावर असताना फोन. जेवताना फोन. आमचा सुपरवायझर जिग्नेशभाई सगळ्यांसमोर म्हणाला, "अल्या किरण, तू तो मोटो साहेब थई गयो! हवे ऑफिस खोली नाख." म्हणजे आता ऑफिसच उघड म्हणे. सगळे हसले. मी पण हसलो. काय करणार?

मग गेल्या आठवड्यात माणूसच आला. सकाळी दार वाजलं. बघतो तर चाळिशी उलटलेला एक गृहस्थ, हातात पिशवी, पिशवीत दाजींचा रंगीत कागद.

"तू किरण शे ना?"

म्हटलं, हो.

"मी गोल्ड शे."

"कोण गोल्ड?"

"गोल्ड पॅकेज ना भो. त्यामा तू येस."

ऐकलंस? गोल्ड पॅकेजमध्ये मी येतो. सिल्व्हरमध्ये नुसता कागद, गोल्डमध्ये कागद आणि मी. सुकदेव बोरसे नाव त्याचं. गावात शिवणकाम करायचा, लोक तयार कपडे घ्यायला लागले, धंदा बसला. त्याला काय बोलणार? त्याने तर विश्वासाने घेतलं. खाली चटई टाकून दिली, चहा केला, आणि बाहेर जाऊन दाजींना फोन लावला.

दाजी काय म्हणाले ते तुला त्यांनी सांगितलं नसेल. आधी गोड. "किरणराव, तुमचं ज्ञान वाया चाललं होतं. मी त्याला आकार दिला. लोक माहितीला पैसे देत नाहीत, मांडणीला देतात." मी म्हटलं, मला विचारलं होतं का? तर म्हणे, "घरच्या माणसाला काय विचारायचं?" मी आवाज चढवला तसा त्यांचाही चढला. "सातवी नापासाला कोण विचारत होतं? माझ्यामुळे लोक सर म्हणायला लागले तुला." आणि शेवटी, "दहा टक्के देईन, मग तर झालं?"

मी सातवी पास आहे. हे त्यांना सांग.

आणि मांडणी मला शिकवू नका म्हणावं. मी इथे सचिनच्या कारखान्यात दुसरं करतो काय? साड्यांच्या घड्या घालून डब्यात भरतो. एकाच ताग्यातली साडी साध्या पिशवीत घातली की एक भाव, खिडकीच्या डब्यात बाईचा फोटो लावून घातली की दुसरा. डाग असेल तर आतल्या घडीत जातो. हे मी रोज करतो ताई, मला पॅकिंगचा राग नाही. साडीला काही कळत नाही, म्हणून करता येतं.

तुझ्यावर लिहायचं टाळत होतो. आता लिहितो.

गेलं वर्षभर तू आठवड्यातनं दोन-तीनदा फोन करायचीस. आधी महिन्यात एक यायचा. काय जेवलास, खोलीत किती जण, नवीन माणसाला आधी कुठे घेतात, इच्छापोरला की सचिनला, ठेकेदार पहिल्या दिवशी काय विचारतो, आजारी पडलं तर कोण बघतं. मी सगळं सांगायचो. मला वाटायचं, ताईला काळजी. खोलीतली पोरं चिडवायची, "आला बघ ताईचा फोन, आता तासभर पंचायत." मला आवडायचं ते. खरं सांगतो, कामावरून येताना बघायचो, तुझा फोन आला का.

आणि तू दाजींचा माल गोळा करत होतीस.

कदाचित तुला ठाऊक नसेल. कदाचित दाजी शेजारी बसून कागद पुढे करत असतील, हे विचार, ते विचार. किंवा तुझ्या मोबाईलमध्ये काही टाकून ठेवलं असेल. मी रोज तुझ्या बाजूने एकेक कारण काढतो आणि रात्रीपर्यंत ते टिकत नाही.

कारण सुकदेवभाऊने मला ते ऐकवलं. त्याला वाटलं, मला आनंद होईल. तिसऱ्या रात्री जेवण झाल्यावर मोबाईल काढून म्हणतो, "तुना आवाज भारी येस रे यामा." गोल्डमध्ये सात रेकॉर्डिंग आहेत. सहा ऐकून मी नुसता चिडलो. सातव्याचं नाव आहे, 'घरची आठवण: कशी हाताळावी'.

ते मी कोणाला सांगितलेलं नाही ताई. आईला नाही, खोलीतल्या पोरांना नाही. फक्त तुला. नवा आलो तेव्हा दर रविवारी मी उधना स्टेशनला जायचो, भुसावळची गाडी बघायला. लोक चढायचे, आपल्या भाषेत भांडायचे, मी खांबाला टेकून ऐकायचो. आईला मोठ्या तोंडाने सांगून आलो होतो, आता काहीतरी होऊनच येईन, म्हणून चढता येत नव्हतं. एकदा चढलो. गाडी हलली तसा जीव घाबरला, चलथानला उतरलो आणि पायी परत आलो. रस्त्याने रडत आलो, ट्रकवाले हॉर्न मारत होते.

ते सगळं आहे त्यात. माझ्या आवाजात. मध्ये तुझा आवाज, "मग काय केलंस रे?" आणि मी 'चलथानला उतरलो' म्हणालो की लगेच बासरी. बासरीनंतर दाजी: "मित्रांनो, यातून आपण काय शिकलो? पहिले तीन महिने रविवारी स्टेशनकडे फिरकायचं नाही."

मी सुकदेवभाऊच्या हातातून मोबाईल ओढून घेतला. तो घाबरला. मग हळूच म्हणाला, "भो, रागवू नको. मी कालच जावाव होतू परत. हाई ऐकं म्हणीसन थांबनू." म्हणजे काल तो परत जाणार होता, हे ऐकलं म्हणून थांबला. आता सांग, मी शिव्या कोणाला देऊ? त्या माणसाच्या ते उपयोगी पडलं. यानेच मी जास्त पेटलो. दाजी लबाड आहेत आणि सल्ला बरोबर आहे.

सुकदेवभाऊला मी आमच्याकडेच लावून दिला. शिलाईवाला हात आहे, साडीला फॉल लावतो. दाजींनी कागदावर नोकरीची हमी लिहिली होती, ती मी पुरी केली. एक पैसा घेतला नाही, घेणार पण नाही.

पण बासरीचं सोडून देणार नाही.

त्या दिवशी मी 'चलथानला उतरलो' म्हणालो तेव्हा तिकडे बासरी नव्हती वाजली. तू रडली होतीस. इतका वेळ रडलीस की मीच म्हणालो, अगं, मी मेलो नाही, जिवंत आहे, भाजी करपतेय माझी. तेव्हा तू रडता रडता हसलीस आणि म्हणालीस, "मला का नाही बोलावलंस मूर्खा, मी आले असते." त्या एका वाक्यावर मी पुढचे किती महिने काढले तुला काय सांगू.

ते त्यात नाही. कापलंय. रडणं विकलं जात नाही म्हणून दाजींनी कापलं असेल. की तू कापायला सांगितलंस? की ते रडणं पण... हे वाक्य मी पुरं करत नाही.

तुला दोन गोष्टी सांगतो. माझा नंबर कागदावरून आणि सातवं रेकॉर्डिंग गोल्डमधून या आठवड्यात निघालं पाहिजे. बाकी सहा विका, खोलीभाडं विका, ठेकेदार विका, मला काही नको, दहा टक्के पण नको. नाही निघालं तर मी स्वतः अमळनेरला येईन आणि दाजींच्या पाटीखाली उभं राहून येईल त्याला सगळं फुकट सांगेन. मला भांडता येतं, तुला माहीत आहे.

दुसरी गोष्ट तुझी. दाजींनी कापलेलं कुठेतरी मोबाईलमध्ये पडलं असेल. तू रडतेस तो तुकडा शोध आणि मला पाठव. पुसला असेल तर पुसला म्हणून लिही. नव्याने रडून पाठवू नकोस, मला ओळखू येईल.

आईला यातलं काही सांगू नकोस. तिला नमस्कार. दाजींना काही नाही.

खाली 'तुझा भाऊ' लिहायचं असतं. तो तुकडा ऐकला की लिहीन. तोवर नुसतं,

किरण