दाजींच्या बुलेटचा पाव्हणा

कुंडल,
कार्तिक वद्य सप्तमी

तीर्थरूप दाजी यांच्या पायाशी,

कुंडलहून नाथाजीचा दंडवत. दंडवत जरा लांबूनच घालतोय, कारण पत्र वाचून झाल्यावर तो पाय कुठं जाईल याचा नेम नाही.

इकडं सगळी खुशाल आहेत. तिकडं तुमचा गुडघा, आक्काची साखर आणि काळी म्हैस या तिघांची तब्येत कळवावी. (म्हशीचं नाव शेवटी घेतलं, पण काळजी तिचीच जास्त वाटते. तुम्ही दोघं निदान बोलून तरी दाखवता.) फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर तुमचा फोन आक्का उचलते, आणि यातलं निम्मं आक्काच्या कानावर जाण्यासारखं नाही. माझा मेव्हणा अर्जुना, मायाचा भाऊ, घेवडा घ्यायला कोरेगावला निघालाय. आक्का डेअरीला गेल्यावरच पाकीट तुमच्या हातात द्यायचं, असं त्याला बजावलं आहे.

आधी चांगली बातमी. तुमची हिरवी बुलेट काल आली. माझ्या पोराची, शिवतेजची, भटिंड्याला बदली झाली तेव्हा तुम्ही ती भाच्याच्या हौसेखातर काढून दिलीत. त्याला आता तीन वर्षं झाली. ही तीन वर्षं आक्काला घेऊन तुम्ही म्हसवडच्या रथाला एस.टी.नं गेलात, आणि यंदा दसऱ्याला साऱ्या घरादेखत बोललात की यंदा सिद्धनाथाला जाईन तर माझ्या गाडीवरनं, न्हाईतर देवानं कोरेगावला यावं. देवाला एवढी तसदी द्यायची वेळ येणार नाही. रथाला अजून नऊ दिवस आहेत आणि गाडी माझ्या अंगणात उभी आहे. आता उरलेलं वाचा, आणि उभे असाल तर बसून घ्या.

शिवतेजची बदली आसामात झाली तेव्हा तुम्ही मला एकच वाक्य सांगितलं होतं: गाडी रेल्वेच्या पार्सलनं मागव आणि दुसरं डोकं चालवू नको. मी दुसरं डोकं चालवलं. दोष माझा एकट्याचा नाही, मोबाईलचाही आहे. 'बाईक भटिंडा ते सांगली' एवढं त्याच्यात टाकलं आणि दहा मिनिटांत पाच जणांचे फोन आले. ज्यानं सगळ्यात कमी भाडं सांगितलं त्याचं नाव साईराज. कंपनीचं नाव देवाचं होतं. (कुठल्या देवाचं ते सांगत नाही. देवाला ठाऊकही नसेल.) तरी मी हुशार माणूस, म्हटलं आधी माणूस पारखून घ्यावा. आणि आपल्याकडं माणूस कसा पारखतात? गाव विचारून.

गाव कुठलं, विचारलं. म्हणाला, सातारा साईड. मी म्हटलं, माण का खटाव? म्हणाला, माण. मी म्हटलं, म्हसवड? म्हणाला, हो मामा. मी म्हटलं, मग आमच्या दाजींची धाकटी बहीण तिथंच दिलीय, वेशीजवळचं घर, दारात चिंच, त्यांच्यातलं कुणी? म्हणाला, हो मामा, ते आमचे चुलतेच. दाजी, आज विचार करतो तेव्हा ध्यानात येतं की त्या सबंध बोलण्यात त्यानं 'हो मामा' याच्यापलीकडं काही सांगितलंच नव्हतं. वेस मी दिली, चिंच मी दिली, चुलतासुद्धा मीच पुरवला. पण त्या वेळी माझा जीव कसा भरून आला! परक्या मुलखातून गाडी आणायची आणि आणणारा निघाला तुमच्या बहिणीचा पुतण्या. आता पाव्हण्याकडं पावती मागायची म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणण्यासारखं झालं. म्हसवडच्या ताईंना एक फोन करून खात्री करावी, तर मी रेल्वे सोडली हे तुम्हाला कळणार. तेव्हा ना पावती, ना फोन. शिवतेजनं भटिंड्यात गाडी एका माणसाच्या हवाली केली, त्यानं वहीच्या कागदावर काहीतरी खरडलं, आणि मी शिवतेजला म्हटलं, कागद राहू दे रं, घरचा माणूस हाय.

घरचा माणूस लगेच घरच्यासारखा वागायला लागला. गाडी निघाली तेव्हा पॅकिंगचे वेगळे मागितले. जयपूरला पोचली तेव्हा हद्दीचा कसला तरी कर निघाला. कोट्यात ड्रायव्हरची आई वारली. माणूस दुःखात असताना हिशोब काय विचारायचा, मी क्रियाकर्माला म्हणून पाठवून दिले आणि त्या रविवारी मटणाला हात लावला नाही. पुढं रतलामला ड्रायव्हरची आई पुन्हा वारली. मी विचारलं तर साईराज म्हणाला, मामा, हा दुसरा ड्रायव्हर. मला पटलं. (तुम्ही हसाल. पण दोन ड्रायव्हर म्हटल्यावर दोन आया असणारच, यात चूक काय ते दाखवा.) तो रविवारही कोरडा गेला. त्यानंतर मात्र फोन बंद. कधी लागलाच तर 'गाडी रस्त्यात आहे मामा', आणि ते काही खोटं नव्हतं, कुठल्या तरी रस्त्यात ती असणारच.

अशात दिवाळी आली. दाजी, मी भाऊबीजेला आलो नाही. टोळी आलीय, ऊस तोडायला लागलाय, म्हणून निरोप धाडला. टोळी अजून आलेली नाही. ऊस उभा आहे. मी त्या दिवशी उसाच्या बांधावर दुपारपर्यंत बसून होतो, कारण घरी बसलो तर माया विचारणार आणि कोरेगावला आलो तर तुम्ही विचारणार. जन्मात पहिल्यांदा आक्कानं मला ओवाळलं नाही. तिनं काढून ठेवलेल्या करंज्या शेजारच्या पोरांनी खाल्ल्या, असं तुमच्या राजनंदिनीनं फोनवर सांगितलं तेव्हा मला माझीच लाज वाटली. पाव्हणा जोडायला गेलो आणि सख्खी बहीण चुकवली.

संध्याकाळी मायानं सगळं काढून घेतलं. ती रागावली नाही, हेच भयंकर. तिनं शांतपणे म्हसवडच्या ताईंना फोन लावला आणि दाजींना कळू देऊ नका म्हणून विनवलं. (ताईंनी शब्द पाळला. तुम्हाला सोडून साऱ्या माण तालुक्याला सांगितलं.) साईराज नावाचं पोरगं त्यांच्यात कुणी नव्हतं. मला वाटलं, आता पोलीस. माया म्हणाली, पोलिसाला भिणारा हा गडी नाही, ह्याला पाव्हणे दाखवायला पाहिजेत. आणि तिनं ताईंना सांगून त्यांच्या भावकीच्या ग्रुपवर त्याचा नंबर टाकला. खाली लिहिलं: आपला साईराज, म्हसवडचाच, वाहतुकीच्या धंद्यात मोठा माणूस झालाय, कुणाचं काही काम असलं तर हक्कानं सांगा.

दाजी, हक्कानं सांगा म्हटल्यावर आपली माणसं सांगायची थांबतात का? एकाला दिल्लीला कांदा पाठवायचा होता, भाडं घरच्या घरात समजून घेऊ म्हणाला. एकीनं भाच्याला नोकरीला लावून घ्यायला सांगितलं, आणि भाचा लगेच दुसऱ्या मोबाईलवरून बोललासुद्धा. भावकीतल्या रेश्मावहिनींनी त्याची उंची, पगार आणि जन्मवेळ विचारली. देवळाच्या रंगकामाची वर्गणी लागली. आणि ताईंचे दीर हरिबाआप्पा, मास्तरकीतून निवृत्त, रोज पहाटे सहाला फोन करून विचारायचे की तू नेमका कुठल्या घरातला, खालच्या आळीचा का वरच्या, तुझ्या पणज्याची विहीर कुठली. तो 'हो आप्पा' म्हणाला की आप्पा म्हणायचे, हो काय, विहिरीचं नाव सांग. त्यानं फोन बंद केला तर आप्पा कंपनीच्या दुसऱ्या नंबरवर करायचे. तिथल्या पोरीलाही त्यांनी गाव विचारलं.

सतराव्या दिवशी त्याचा मायाला फोन आला. आवाज पार बसला होता.

"मामी, गाडी परवा मिरजेत उतरवतो. पण त्या आप्पांना सांगा, मी त्यांचा कुणी नाही."

"आसं कसं म्हणतोस, लेकरा," माया म्हणाली. "पाव्हणं कवा तुटत्यात व्हय?"

काल ट्रक मिरजेत आला. गाडीला पोती आणि गवत गुंडाळलं होतं. मायानं आधी हँडल मोकळं केलं, ओवाळलं, नारळ फोडला, पुढं-मागं हळदी-कुंकवाचे पंजे उमटवले, मी वरून मूठभर गुलाल टाकला, आणि मगच पोचल्याची सही केली. तेवढ्यात ड्रायव्हरचा फोन वाजला. आईचा होता. ही पहिली का दुसरी ते मी विचारलं नाही, पण त्या माउलीला माझा नमस्कार सांगायला लावला. गाडी टेम्पोत घालून कुंडलला आणली, अंगणात उभी केली आणि तिच्याकडं बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आता तुम्ही या, किंवा मी घेऊन येतो. आक्काला सांगा, भाऊबीज उशिरा का होईना, ओवाळून घ्यायला भाऊ येतोय.

थोर मनानं माफ करावं. न जमल्यास लहान मनानं करावं, पण करावं.

आपला,
नाथाजी

ता. क. अर्जुनाची गाडी चुकली, पुढची दुपारी आहे, म्हणून पाकीट पुन्हा फोडलं. माया गाडी धुवायला बसली आणि गुलाल निघाल्यावर खालून नंबर निघाला. हरियाणाचा. दाजी, ही तुमची गाडी नव्हे. तोच हिरवा रंग, तेवढंच वय, पण दुसरी. मायानं वाळायला उघडून ठेवलेल्या टूलबॉक्सचं झाकण मी बघितलं. तुम्ही झाकणाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगानं 'राही' लिहिलंय हे शिवतेजनं मला पूर्वीच सांगितलं होतं. (आक्काचं नाव नवऱ्यानं कुठं लिहावं हा तुमचा प्रश्न, मी कुणाला बोललो नाही.) इथंही त्याच जागी, पांढऱ्याच रंगात नाव आहे. 'बिमला'.

ता. क. दुसरं. टूलबॉक्समध्ये मालकाचा नाव-नंबर लिहिलेली चिठ्ठी होती, फौजी माणसाची शिस्त. फोन केला. हिसारचे निवृत्त सुभेदार निघाले. त्यांचा मुलगा बेळगावला असतो, गाडी त्याला पाठवली होती, आणि तुमची गाडी त्याच्या दारात उभी आहे. म्हातारा भला आहे, पण म्हणाला, ज्यानं झाकणात नाव लिहिलंय त्याच्याच हातात गाडी देईन, बाकी कुणाच्या नाही. बायकोला जाऊन दोन वर्षं झाली म्हणाला, आणि बिमलाला जपून आणा म्हणाला. तेव्हा खरी विनंती ही: तुम्ही उद्याच्या उद्या इकडं या, आपण दोघं ही गाडी घेऊन बेळगावला जाऊ, अदलाबदल करू, आणि रथाच्या आत तुम्ही कोरेगावला. त्यांना मी गाव सोडून दुसरं काही विचारलेलं नाही, पाव्हणं अजिबात जोडलेलं नाही.

ता. क. तिसरं, आणि महत्त्वाचं. नंबरावरचा गुलाल निघायच्या आधी मायानं 'दाजींची गाडी न्हाऊन तयार' म्हणून घरच्या ग्रुपवर फोटो टाकला होता. टूलबॉक्स वाळायला उघडा होता, आणि फोटोत 'बिमला' स्वच्छ वाचता येतं. आत्ताच आक्काचा फोन येऊन गेला. भाऊबीजेचं काढलं नाही, गाडीचं विचारलं नाही. हरियाणात तुम्ही किती वर्षं नोकरी केली, एवढंच विचारलं. मी म्हटलं, दाजींनाच विचार. आता तुमच्या झाकणात कुणाचं नाव आहे ते तुम्हालाच तिला सांगावं लागेल, आणि तेही ती डेअरीवरनं आल्या आल्या, तिनं विचारायच्या आत. पत्र पोचेपर्यंत तिनं विचारलं असेल तर मात्र या पत्राचा उपयोग नाही, तसेच थेट इकडं या.