पिसाशिवाय गरी

नागपूर, ७ जानेवारी १९७९

चि. मनोहरास ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

“पीस तू पाह्य, मासा मी पाहतो.” नानाजी हे मला पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी परकरात होते आणि तू आईच्या कडेवर. फुटाळा तलावाच्या पायऱ्यांवर ते गरी टाकून बसायचे. दोऱ्याला बांधलेलं मोराचं पीस पाण्यावर उभं असायचं. ते बुडालं की मी ओरडायची आणि ते काठीला हिसका द्यायचे. तेव्हा तो खेळ होता, कारण त्यांना ते पीस माझ्याआधी दिसलेलं असायचं. आता खरंच दिसत नाही.

धंतोलीच्या डॉक्टरांनी परवा स्पष्ट सांगितलं. काचबिंदूनं तुमच्या वडिलांचं जे गेलं ते परत येत नाही, उरलंय तेवढं थेंब घालून सांभाळायचं. उरलंय म्हणजे उजेड कुठून येतो एवढं. नानाजींनी ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर विचारलं, “त्या डॉक्टरले गरीचा नाद असंल काय वं?” डॉक्टर बाई होत्या, हेसुद्धा त्यांनी मला मुद्दाम हसवायला विसरल्यासारखं केलं.

रविवारी मी त्यांना तलावावर नेते, पीस बुडालं की सांगते. पण बाकीचे सहा दिवस शाळा. त्यांचे जुने मिलमधले सोबती शालिकरामभाऊ नेतात, पण त्यांना स्वतःची गरी सोडून दुसऱ्याचं पीस पाहणं जमत नाही. मग नानाजी काठी हातात धरून नुसते बसतात. ते मला पाहवत नाही.

दिवाळीत तू सांगत होतास, की तुमच्या बंदरावर लोक पिसाशिवाय मासे धरतात, रबराचा मासा तळाशी सोडून, नुसत्या हाताच्या अंदाजानं. तशी काठी मिळेल का? मासा तोंड लावेल ते हाताला कळलं पाहिजे अशी. चाळीस वर्षं त्यांनी मागावर काढली. धागा तुटायच्या आधी त्यांच्या बोटांना कळायचं. ती बोटं अजून शाबूत आहेत.

एक गोष्ट तुझ्यापुरती ठेव. भंडाऱ्याच्या शाळेतून मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी पुन्हा विचारणा झाली होती. मी यंदाही नको कळवलं. नानाजींना यातलं काही ठाऊक नाही, आणि व्हायला नको.

मीराला आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नये.

तुझी,
गोपिकाताई


विशाखापट्टणम, १८ जानेवारी १९७९

ती. ताईस मनोहरचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मीरा म्हणाली, ताईंनी स्वतःसाठी कधी रुमालसुद्धा मागितला नाही, आता मागितलं ते काय, तर मासे मारायची काठी! मी म्हटलं, आमच्या घरात हुंड्यातसुद्धा गरीच मागितली असती.

आमच्या जहाजांवरचा एक इंजिनिअर सिंगापूरहून असलं सामान आणतो. त्याच्याकडे तीन काठ्या पाहिल्या. पहिली जाड, समुद्रातला मोठा मासा ओढायची, तिनं फुटाळ्यातली म्हैसही निघेल. दुसरी मऊ, मधूनच कमानीसारखी वाकते. तिसरी काळी आणि बारीक, पेन्सिलीच्या शिशाच्या जातीच्या कशापासून तरी केलेली. ती फक्त शेंड्याला वाकते आणि वजन तर पोळी लाटायच्या लाटण्याइतकंही नाही. हिच्यासोबत शिशाचं डोकं असलेल्या गऱ्या येतात आणि त्यांना घालायचे रबराचे मासे. ते इतके लिबलिबीत असतात की मीरानं हातात घेऊन किंचाळून टाकून दिले.

तू आणि नानाजी मिळून ठरवा. पण आधी मला नीट कळव. त्यांच्या हाताला कंप आहे का? उभे राहतात की बसून टाकतात? जिना एकट्यानं चढतात का? दूरचा प्रवास झेपेल का, म्हणजे दिवसभर बसणं? नव्या जागेत बावरतात का? भात पचतो का?

सोयरीक जमवल्यासारखी चौकशी करतोय म्हणून हसू नकोस.

तुझा,
मनोहर


नागपूर, ३० जानेवारी १९७९

चि. मनोहरास अनेक आशीर्वाद.

हसले तर. काठीला भात कशाला पचायला हवा रे?

पण सगळी उत्तरं देते. हात थरथरत नाही. बसून टाकतात. जिना कठड्याला धरून चढतात. मागच्या वर्षी रामटेकला बसनं नेलं तेव्हा माझ्यापेक्षा कमी दमले. नव्या जागेत पहिला दिवस भिंती चाचपतात, दुसऱ्या दिवशी आपल्याला वाट दाखवतात. भात पचतो, पण भाकरी मागतात.

आता काठीचं. आम्ही दोघांनी घरच्या घरी परीक्षा घेतली. त्यांच्याकडच्या जुन्या बांबूच्या काठ्या काढल्या. मी दोऱ्याच्या टोकाला चाव्यांचा जुडगा बांधून तो ओसरीच्या फरशीवरून ओढला, मग गोणपाटावरून, मग अंगणातल्या वाळूवरून. ते पाठमोरे बसून काठी धरून सांगत होते, कुठे काय आहे ते. जाड काठीत त्यांना काहीच कळेना. मऊ काठीनं निरोप वाटेतच खाऊन टाकला. बारीक, ताठ, फक्त शेंड्याला लवणाऱ्या काठीत त्यांनी फरशीची भेगसुद्धा सांगितली. “ही चुगलखोर हाये वं, सारं सांगते,” म्हणाले. म्हणजे तुझी तिसरी, काळी. तळाशी रबराचा मासा दगडावरून गेला की गाळातून, हे कळलं नाही तर मासा चावला की काडी अडकली हेही कळायचं नाही.

फक्त लांब घे. फुटाळ्याच्या पायऱ्यांपुढे शेवाळ आहे, आखूड काठीनं दोरा त्याच्या पलीकडे जायचा नाही. हे विसरू नकोस.

शेजारच्या प्रयागबाई मला विचारत होत्या, “काहून वं, मास्तरीण, अंगणात चाव्या काहून ओढून राहिली?” मी म्हटलं, पास होतेय.

खूप दिवसांनी घरात हसणं झालं. ते तुझ्यामुळे. प्रेमात अंतर पडू नये.

ताई


विशाखापट्टणम, १४ फेब्रुवारी १९७९

ती. ताईस सा. न. वि. वि.

काळी काठी घेतली. त्या इंजिनिअरनं एक गंमत दाखवली. मला काठीची मूठ धरायला सांगितलं, शेंडा आपल्या गळ्याला लावला आणि गुणगुणला. त्याचा आवाज माझ्या तळहातात उतरला. ज्या काठीतून आवाज येतो त्या काठीतून मासा येतोच, असं तो म्हणाला. नानाजींसोबत करून पाहा.

लांब मिळाली नाही. आखूडच आहे. प्रवासात लांब काठ्या मोडतात.

पोस्टानं पाठवत नाही, होळीच्या सुटीत स्वतःच घेऊन येतो. नानाजींना महिनाभर समुद्राची हवा खायला इकडे आणावं असं मीराच्या मनात आहे. तुझी वार्षिक परीक्षाही तेव्हाच असेल, तुला थोडी मोकळीक. बघू.

तुझा,
मनोहर


नागपूर, ९ एप्रिल १९७९

चि. मनोहरास,

होळीनंतर तू नानाजींना महिन्यासाठी घेऊन गेलास, त्यानंतर तुझं पोचल्याचं एक कार्ड आलं, पुढे काही नाही. परीक्षा संपल्या. पेपर तपासून झाले. त्यांची खोली मी चुन्यानं पांढरी करून घेतली. त्यांना दिसणार नाही, पण नव्या चुन्याचा वास आवडतो.

तू सीताबर्डीला गेला होतास त्या दुपारचं तुला सांगायचं राहिलं. आम्ही ओसरीवर काठीची ती परीक्षा घेतली. त्यांनी मूठ धरली, मी शेंडा गळ्याला लावला. काय म्हणावं सुचेना, म्हणून लहानपणी ते मला म्हणायचे ती अंगाईची चाल गुणगुणले. त्यांनी दुसरा हातही मुठीवर ठेवला. मग म्हणाले, “तुहा आवाज हातात मुंग्यांवाणी चालून राहिला.” आणि काठी खाली ठेवली. डोळ्यांत पाणी आलं तर मी थेंबांचं समजले. दिवसातून तीनदा घालायचे असतात ना.

दुसऱ्या दिवशी फुटाळ्यावर तू होतासच. शेवाळात गरी अडकत होती, आणि तरी मरळ लागली. मी पीस पाहायच्या सवयीनं पाण्याकडे डोळे लावून बसले होते, पाण्यावर काहीच नव्हतं. माझ्याआधी त्यांना कळलं. मला इतका आनंद झाला की मी शाळकरी पोरीसारख्या टाळ्या पिटल्या. तू तेव्हा दुसरीकडे पाहत होतास.

काल रविवार. घरात बसवेना म्हणून मी एकटीच तलावावर गेले. शालिकरामभाऊ पायरीवर बसले होते. त्यांच्या हातात नानाजींची बांबूची काठी होती. शेजारी नानाजींचा गरीला लावायच्या कणकेचा डबा, झाकणाला पोचा आलेला. मी विचारलं, हे उसनं घेतलं का? ते गडबडले. म्हणाले, “उसनं कायचं, बाई? देऊन गेले ना थे. आता थे परत कुठी येऊन राहिले?” मी म्हटलं, महिन्यासाठी गेलेत. तर त्यांनी पीस पाण्यात तसंच सोडून माझ्याकडे पाहिलं. “मले तं महाशिवरात्रीलेच सांगतलं नानाजीनं, कायमचा जातो म्हणून. मनोहरची पत्रं माह्याच पत्त्यावर येत, मीच वाचून दाखवत होतो त्याईले. तुमाले ठाऊक असंन, असं वाटलं मले.”

त्यांच्या शेजारचे दोघेतिघे पाण्याकडे पाहायला लागले. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. आमची ओसरी, आमचा तलाव, आमची माणसं, आणि ठाऊक नव्हतं ते फक्त मला.

घरी आल्यावर तुझी सगळी पत्रं मनात पुन्हा चाळली. जिना चढतात का. प्रवास झेपेल का. भात पचतो का. मनोहर, तू काठी निवडतच नव्हतास, माणूस हलवत होतास, आणि त्याची सगळी मापं माझ्याकडूनच घेतलीस. काठी आखूड का आणलीस तेही आता कळलं. तुमच्या बंदराच्या कठड्याखाली सरळ खोल पाणी असेल. तिथे शेवाळ नसेल.

भंडाऱ्याचं तू त्यांना सांगितलंस ना?

खरं काय ते लिही. तू लिही, मीराच्या हातानं नको.

ताई


विशाखापट्टणम, २० एप्रिल १९७९

चि. गोपीले नानाजीचा आशीर्वाद.

हे पत्र मीरा लिहून राहिली. मी बोलतो तसंच लिही म्हणून सांगतलं तिले. मनोहर दोन खेपा कागद घेऊन बसला, दोन्ही फाडले. त्याच्यावर राग करू नको. त्यानं भंडाऱ्याचं सांगतलं म्हणून मले समजलं. नाई तं तू मले मरेपर्यंत समजू दिलं नसतं. मंग कोणी कोणाले फसवलं, सांग.

तुही माय गेली तवा तू चोवीस वर्षांची होती. लग्नाचं निघालं की तू म्हणे, नानाजीले भाकर कोण देईल. मंग माहे डोळे गेले. मंग तू म्हणे, पीस कोण पाहील. पोरी, मी आयुष्यभर गरीवर मासा धरला. तुले गरीवर ठेवलं हे मले उशिरा समजलं.

तुले इचारलं असतं तं तू जाऊ देलं असतं काय? म्हणून नाई इचारलं. शालिकरामले मीच गप राह्य म्हटलं होतं. तो भोळा हाये, त्याच्याशी भांडू नको.

इथं बरं हाये. मनोहर सांजेले कठड्यावर नेते. खालचं पाणी लय मोठ्यानं बोलते. रबराचा मासा तळाले लागला की मले समजते, खाली रेती हाये का गोटा. परवा दोन मासे आले, नाव नाई माहीत, काटे लय. लोकं म्हणतात, आंधळा बुढा कसा धरते. मी म्हणतो, माह्या पोरीनं काठी निवडली.

मुख्याध्यापिकेची चिठ्ठी आता लिहून टाक. भंडाऱ्याचे तांदूळ चांगले असतात.

भाकरी इथं भेटत नाई. बाकी सारं ठीक.

नानाजी


नागपूर, २९ एप्रिल १९७९

चि. मनोहरास आशीर्वाद, वि. वि.

तू लिही म्हटलं होतं, तरी तू लिहिलं नाहीस. मीराला सांग, अक्षर सुंदर आहे आणि तिच्यावर माझा राग नाही.

नानाजींना हे पत्र वाचून दाखव. सगळं वाच, मधलं गाळू नकोस. तुला गाळायची सवय लागली आहे.

नानाजी, मी गरीवर नव्हते. मी पायरीवर होते, तुमच्या शेजारी, आणि स्वतःच्या मनानं बसले होते. लग्न केलं नाही कारण करावंसं वाटेल असा माणूस आला नाही. हे तुम्हाला सांगायची लाज वाटली म्हणून तुमच्या भाकरीचं नाव पुढे केलं. तेवढंच मी लपवलं. भंडाऱ्याला गेले नाही कारण मला वर्गात शिकवायला आवडतं, हजेऱ्या तपासायला नाही. तुम्ही माझा त्याग म्हणून जे उचलून दूर नेलंत, तो माझा संसार होता. विचारलं असतं तर मी जाऊ दिलं नसतं, हे खरं. पण त्यासाठीच तर विचारतात.

मला मोकळं केलंत म्हणता. मी शाळेतून घरी येते, कुलूप उघडते. पोळ्या एकीच्या पुरत्या लाटायला अजून जमत नाही. प्रयागबाई ओसरीवर येऊन बसतात आणि काही विचारत नाहीत, म्हणजे त्यांनाही आता कळलंय. शालिकरामभाऊ परवा डबा आणि काठी परत द्यायला आले होते. मी ते घेतलं नाही. त्यांचा काय दोष? तरी त्यांना चहा विचारायला माझी जीभ वळली नाही, आणि ते उभ्या उभ्याच गेले. अशी मी कधी नव्हते.

मनोहर, परक्यानं फसवलं तर माणूस चार लोकांना सांगतो. आपल्यांनी, आणि माझ्याच भल्यासाठी, फसवलं, हे मी कोणाला सांगू? ज्यानं त्यानं म्हणावं, किती चांगला बाप, किती चांगला भाऊ. मीही म्हणते. म्हणून तर रात्र रात्र राग कुठे ठेवावा कळत नाही.

शाळेला परवापासून सुटी. मी मंगळवारी निघते, गुरुवारी सकाळी पोचेन. कठड्यावर त्यांच्याजवळ बसेन, मासे लागतात ते पाहीन. त्यांच्यासाठी ज्वारीचं पीठ आणते आहे.

तू भाऊ आहेस हे मी विसरलेले नाही. एवढंच या घडीला लिहिता येतं.

ताई

ता. क. दहा जूनच्या गाडीची परतीची दोन तिकिटं काढून ठेव. तू एकच काढशील, आणि नानाजी तुझ्याच बाजूनं बोलतील, हे मला ठाऊक आहे. तरी मी दोन म्हणते आहे.