यशोधराबाईंचं पान कोण बघतंय

४ नोव्हेंबर, मंगळवार

परत तोच. आज दुपारीही आला.

मंडळाची वधूवर साइट सुरू होऊन महिनाही झाला नाही, आणि हा माणूस एकाच पानाभोवती घुटमळतोय — यशोधरा जाधव, वय छप्पन्न, विधवा, निवृत्त नर्स, राहणार शीव. दुसऱ्या एकाही बाईचं पान उघडत नाही. येतो, फोटो मोठा करतो, बराच वेळ थांबतो. ‘संपर्क’ दाबतो, पुढे नोंदणीचा फॉर्म दिसला की मागे फिरतो. नाव नाही, निरोप नाही.

आणि ब्राउझर तर इतका जुना की तो बनवणाऱ्या कंपनीनेच सोडून दिलाय. आजच्या काळात असला ब्राउझर कोण वापरतं? ज्याला स्वतःला लपवायचंय तोच.

५ नोव्हेंबर

राकेशला सांगितलं. साइट आम्ही दोघांनी केली — दिसणं त्याचं, कोड माझा. तो हसला. म्हणे, मी आधीपासून सांगत होतो, जुने ब्राउझर सोड, सरळ ॲप काढू, ज्यांचा फोन चालणार नाही ते नवीन घेतील.

या एका गोष्टीवर आम्ही किती भांडलोय! मी हटले नाही. खुल्या स्टँडर्डप्रमाणे साधी, सरळ साइट बांधली की ती कुठल्याही ब्राउझरात उघडते, परळमध्ये काय आणि परभणीत काय. उद्घाटनाला माईकवर बोलले होते — आपल्या दारात कोणाला अडवणार नाही. टाळ्या पडल्या. बाबा पहिल्या रांगेत होते.

आता वाटतंय, राकेशच नाही ना हा? मला तोंडघशी पाडायला? टेस्टिंगसाठी घेतलेली जुनी मशिन्स आहेत त्याच्याकडे.

७ नोव्हेंबर

राकेश नाही. माझ्यासमोर बसून उसळपाव खात होता, तेवढ्यात ‘तो’ आलाच. मनातल्या मनात सॉरी म्हटलं राकेशला. उघड नाही.

मग कोण? एकट्या बायका हेरून गोड बोलणारे असतात. त्यातला असणार. पेन्शन येणारी, एकटी राहणारी — बरोबर हेरलीय.

८ नोव्हेंबर, शनिवार

अडवला.

त्याचा इंटरनेटचा पत्ता दर वेळी बदलतो, ब्राउझर मात्र तोच. म्हणून तो ब्राउझरच बंद केला. आता त्याला एकच वाक्य दिसेल — ‘तुमचा ब्राउझर जुना आहे. कृपया नवीन ब्राउझर वापरा.’

दुसऱ्यांच्या साइटवर हे वाक्य दिसलं की माझं डोकं फिरतं. आज स्वतः टाइप केलं. राकेशला बोलले नाही.

११ नोव्हेंबर

मंडळाच्या हितेंद्रदादांचा फोन. वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर आपली साइट उघडत नाहीये म्हणाले. तो डबा अजून चालतो? मी म्हटलं, तक्रार कोणी केली?

म्हणाले, तुझ्या बाबांनी. रोज जेवण झालं की येऊन बसतात. दादांनी त्यांना सुचवलं, घरातच इंजिनीअर आहे, तिला विचारा. तर बाबा म्हणाले, दीपिकाला सांगू नका.

फोन ठेवला.

१२ नोव्हेंबर

बाबा.

म्हणजे मी ज्याला भामटा समजत होते तो मला रोज सकाळी चहा करून देतो.

आता सगळं जुळतंय. दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून ‘जरा पेपर वाचून येतो’. परवा न्हाव्याकडे मिशी नीट करून घेतली. आणि जेवताना विचारलेलं — साइटवर एखाद्याला नुसता निरोप पाठवायचा असेल तर? मी म्हटलं होतं, आधी नोंदणी करावी लागते बाबा, वर किंवा वधू म्हणून. ‘असं होय,’ म्हणाले आणि आमटी वाढून घेतली.

आईला जाऊन साडेचार वर्षं झाली. एवढ्यातच?

१३ नोव्हेंबर

त्या बाईचा फोटो आज मी मोठा करून बघितला. फिकट निळी साडी, चष्मा. हसणं जरा जास्तच गोड. काय हवंय तिला? आमची परळची खोली रीडेव्हलपमेंटला गेलीय, नवीन फ्लॅट मिळणार — तिला कळलं असेल का? पण तिने तर काहीच केलेलं नाही. तिला बाबा माहीतही नाहीत. असं मी स्वतःला समजावते आणि परत फोटो उघडते.

ब्राउझर अजून बंदच ठेवलाय. मुद्दाम.

बाबा आता दुपारी घरीच असतात. टीव्ही लावतात आणि बघत नाहीत.

१५ नोव्हेंबर, शनिवार

राकेशला कोडमध्ये ती ओळ सापडली. लातूरहून एका मुलीच्या वडिलांची तक्रार आली होती — तालुक्याच्या सेंटरमधल्या कॉम्प्युटरवर साइट उघडत नाही. म्हणून तो शोधत होता.

‘हे तू लिहिलंस?’

मी हो म्हटलं. त्याने नुसता लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. चार शब्द बोलला असता तर बरं झालं असतं.

ओळ काढून टाकली. लातूरला फोन करून माफी मागितली.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी बाबा कपडे वाळत घालत होते. पाठमोरे होते म्हणून विचारता आलं. म्हटलं, यशोधरा जाधवांशी लग्न करायचंय का तुम्हाला?

ते वळले. हातात माझीच ओढणी होती.

‘लग्न? माझं?’

मग खुर्चीत बसले आणि हळूहळू सांगितलं. कोविडमध्ये आई ॲडमिट होती तेव्हा वॉर्डात कोणालाच सोडत नव्हते. मी स्वतः पॉझिटिव्ह, क्वारंटाइन सेंटरमध्ये पडलेली. एक सिस्टर बाबांना व्हिडिओ कॉल लावून द्यायची, आईच्या तोंडासमोर फोन धरायची. नखशिखांत पांढरा सूट, त्यावर छातीशी स्केचपेनने नाव लिहिलेलं — यशोधरा. शेवटच्या रात्री कॉल आला नाही. सकाळी थेट आई गेल्याचा निरोपच आला.

साइटवर निवृत्त नर्स, परळचं तेच हॉस्पिटल, यशोधरा, एवढं वाचून बाबा थबकले. ती हीच का? चेहरा कधी दिसलाच नव्हता. मोबाइलवर फोटो बारीक दिसतो म्हणून वाचनालयात जायचे.

‘डोळेच बघितले होते गं. तेच जुळवत बसायचो.’

त्यांना एकच विचारायचं होतं — त्या रात्री आई काही बोलली का. पण निरोप पाठवायचा तर नवरदेव म्हणून नाव घालावं लागतं. ते खोटं होईल म्हणून रोज तिथूनच मागे फिरायचे.

मला का नाही सांगितलं, विचारलं.

‘आईचं नाव काढलं की तू उठून जातेस.’

मी तेव्हाही उठलेच होते. परत बसले.

१८ नोव्हेंबर

यशोधराबाईंना मी फोन केला. साइटवाली म्हणून नाही, आईची, सुंदराबाईंची मुलगी म्हणून. त्या वॉर्डात त्याच होत्या. रविवारी या म्हणाल्या.

२३ नोव्हेंबर, रविवार

शीवला जाऊन आलो. त्यांना आई आठवत नाही. खूप जण होते हो, म्हणाल्या, आणि रडल्या. बाबा मान हलवत राहिले. मग यशोधराबाईंनीच चहा पुढे केला आणि म्हणाल्या, ‘कशा होत्या त्या? सांगा ना मला.’

आणि बाबा बोलायला लागले. चहा निवून गेला तरी बोलतच होते. आई लग्नाआधी कबड्डी खेळायची. मला माहीतच नव्हतं.