दोन बोटं माया

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच, शिलाई मशीनवर बसून पाठ अशी धरली आहे की प्रत्यक्षात चारच अंगं जमिनीला लागतील.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. ठीक काही नाही.

तुझ्या लाडक्या भाचीला, आमच्या गुट्टूला, ब्लडप्रेशर निघालं आहे. वय वर्षं अकरा. ज्या वयात आपण झाडावरून पडायचो, त्या वयात हिला तो आजार झाला ज्याच्यावर पेन्शनर बाकावर बसून गप्पा मारतात. शाळेत तपासणी झाली आणि "वजन जास्त, रक्तदाब तपासून घ्यावा" अशी चिठ्ठी घरी आली. मी तिच्या चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि विसरलो, म्हणजे विसरायचं ठरवलं. बायकोने धुवायच्या आधी खिसा उलटा केला. (ही सवय तिला मीच लावली. आता भोगतो आहे.) मग काय, दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तिघंही दवाखान्यात.

तिथल्या नर्सने लहान मुलांचा पट्टा काढला. त्यावर सशाचं चित्र. तो गुट्टूच्या दंडाला कसाबसा वेढला, हवा भरली, आणि चर्रकन आवाज करून ससा सुटला. बाकावरची सगळी माणसं वळून बघायला लागली. आणि आपली पोर अगदी शांतपणे नर्सला म्हणते, "सिस्टर, हा पट्टा धुतला होता का? आटला असेल."

नर्स हसली. बायको हसली. मला हसू आलं नाही, कारण ते वाक्य माझं आहे. तुला ठाऊकच आहे, शिवणीच्या आत जादा कापड सोडतात त्याला आम्ही माया म्हणतो. गिऱ्हाईक "वाढत्या अंगाचं शिवा" म्हणालं की दोन बोटं माया जास्त. पोरीच्या युनिफॉर्मला मी चार-चार बोटं सोडत आलो. दुसरीपासून दर सहा महिन्यांनी कंबर उसवली, काखेत कळीचा तिकोनी तुकडा घातला, बटणं सरकवली, आणि प्रत्येक वेळी तिला सांगितलं, "तू नाही गं वाढलीस, कापड आटलं." पुढे माया संपली तेव्हा त्याच कापडाची पट्टी जोडली, आणि इतकी बेमालूम की मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. दिवसभर गावाची मापं घेतो मी, पण या एका माणसाला चार वर्षांत टेप लावली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तर दवाखाना. नर्सने तोच पट्टा हाताने आवळून धरून पुन्हा हवा भरली, आकडा जास्त आला तसा मी उठून उभा राहिलो. म्हटलं, डॉक्टर, पट्टा तोकडा आहे, मापच चुकलं. (नाचता येईना अंगण वाकडं, पण अंगणातलं मला कळतं.) आणि नवल म्हणजे डॉक्टरीणबाईंनी मान्य केलं! पट्टा लहान पडला की आकडा फुगतो म्हणाल्या. मी असा फुगलो की विचारू नकोस. मग मोठा पट्टा आला. मी म्हटलं, आधी माझ्यावर लावा, मशीन खरं की खोटं कळू दे. लावला. डॉक्टरीणबाई एकदा आकड्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्हीही बसा." नंतर पोरीचं तीन वेगवेगळ्या दिवशी, बरोबर मापाच्या पट्ट्याने घेतलं. तिन्ही वेळा जास्तच. या वयात वजनाने असं होतं म्हणे, आणि सोडून दिलं तर पुढे हृदय आणि मूत्रपिंडं भरपाई करत बसतात. उपाशी ठेवायचं नाही. मीठ, तळलेलं, पाकिटातलं कमी, आणि रोज तासभर घाम येईपर्यंत खेळ.

आता दोष कुणाचा? मी आधी बायकोला धरलं, मग शाळेबाहेरच्या टपरीला, मग तुला. (गुट्टू हे नाव तूच ठेवलंस, गुटगुटीत पोर म्हणून सगळ्यांना उचलून दाखवायचीस.) पण खरं सांगू? रस्त्यावर गाड्या फार म्हणून शाळा सुटली की तिला दुकानात माझ्याशेजारी स्टुलावर मीच बसवतो. जागची हलू नये म्हणून हातात पाकीट मीच देतो, वर आणि बाप म्हणून छाती पुढे काढतो. माझ्यासारख्या बापाला कुणी भर चौकात उसवलं तरी कमीच. कापड आटत नाही, हे तिला अजून सांगितलेलं नाही. चार दिवस तोंड उघडतो आणि मिटतो.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं काम राहिलंच. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुणाला होतं का? मी म्हटलं, कुणालाच नाही. आपले अण्णा सेहेचाळिसाव्या वर्षी मशीनवर मान टाकून गेले तेव्हा दवाखान्यात तू होतीस. मला "दगदगीने गेले" एवढंच सांगितलंस, मी लहान होतो. आता मी चव्वेचाळीस आहे. ते कशाने गेले, आधी काही सांगितलं होतं का डॉक्टरांनी, दोन ओळींत कळव. त्यात माया सोडू नकोस.

ता. क. २. पत्र पाकिटात घालायला पोरीकडे दिलं होतं, शहाणीने आधी वाचलं. तिचा निरोप: "आत्याला सांगा, मला आता गुट्टू म्हणायचं नाही. आणि कापड आटत नाही हे मला तिसरीतच कळलं होतं." मी विचारलं, मग नर्ससमोर तसं का म्हणालीस? म्हणाली, "तुमचं तोंड एवढंसं झालं होतं, बाबा."