उंदरांनी नेलेल्या गोंदणाबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
जनहित सार्वजनिक रुग्णालय,
राजपुरा, बुऱ्हाणपूर

विषय : शवागारातील शीतपेटी सुरू करणे व निशाचा देह उद्या बेवारस म्हणून न जाळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचा कालचा शेरा, "नमूद खूण आढळली नाही."

महोदय,

१. अर्जदार मालूबाई दगा महाजन, वय एकसष्ट, राहणार देडतलाई. त्यांची लेक निशा शनिवारी तापीत बुडाली, देह सोमवारी सकाळी सापडला. मे महिन्याचे ऊन, दुपारपर्यंत चेहरा ओळखू येईना. मालूबाईंनी तिच्या मनगटावरचे गोंदण दाखवले. तुळस, एका अंगाला कललेली. सात वर्षांच्या पोरीने गावच्या बाजारात सुई टोचताच हात ओढला, म्हणून ती वाकडी आली. बाबू प्रभाकर यांनी हे लिहून घेतले व "आधार कार्ड घेऊन उद्या या, मावशी" असे सांगितले.

२. शवागाराच्या इंग्रजांच्या वेळच्या दगडी खोलीत देह फरशीवरच राहिला. मंगळवारी मनगट होते, तुळस नव्हती. तेवढे कातडे उंदरांनी कुरतडून नेले. शिपाई लोटू हसत म्हणाला, "आता उंदरालाच धरून आणा, तोच ओळख पटवेल." बाबूंनी वरील शेरा मारला.

३. जावई जीवन, ज्याने तीन वर्षांमागे निशाला घराबाहेर काढले, त्याने मोबाईलवर फोटो पाहून "ही आमची नाही" असे कळवले. त्याच्याकडे मात्र कोणताही कागद मागितला नाही.

४. मायलेकीचे रक्त जुळवून पाहावे म्हटले, तर अहवालास दीड महिना लागतो, आणि बेवारस देह तीन दिवसांवर ठेवत नाहीत. खोलीत दोन शीतपेट्या आहेत, त्यांवरचे प्लास्टिकही निघालेले नाही. वीज जोडण्यासाठी गेल्या वर्षी पेटीत किती देह ठेवले त्याची नोंद लागते. पेटी बंद, म्हणून नोंद शून्य. नोंद शून्य, म्हणून गरज नाही, असे उत्तर मिळाले.

५. आमच्याकडे मेलेल्या बाईच्या अंगावरचे सोने उतरवतात. गोंदण तेवढे तिच्यासोबत जाते, असे मानतात. निशाच्या अंगावर सोने नव्हतेच.

६. सबब विनंती की, एक पेटी जोडून देह अहवाल येईतो ठेवावा. ते होत नसल्यास उद्या, गुरुवारी, अकरा वाजता गाडी निघण्यापूर्वी मालूबाईंना आत घ्यावे. नात्याने घेता येत नसेल, तर आपल्या फाटकावरच्या फलकात "बेवारस प्रेतांस वस्त्र देऊ इच्छिणाऱ्या दानशूरांनी संपर्क साधावा" असे लिहिले आहे. मालूबाईंचे नाव त्या दानशूरांच्या यादीत घालावे. साडी त्यांनी आणली आहे. मयताशी नाते या रकान्यात "काही नाही" असे लिहून त्या अंगठा द्यायला तयार आहेत.

फाटकाशी बसून वाट पाहणारी,
मालूबाई दगा महाजन
(डाव्या हाताचा अंगठा)

अर्ज लिहून देणार : निरंजन चौधरी, इतवारा
बुधवार, १४ मे २०२५