नलूच्या चार चौकटी

ता. ४ जाने., रवि.
सकाळीच अंबरनाथहून बदलापूर, मांजर्लीला धाकट्या जावेकडे, नलूकडे. नलूचं या आठवड्याचं चित्र तयार होतं. चार चौकटी. अक्षरं नेहमीप्रमाणे माझी, कारण तिचं अक्षर गिचमिड. पण हात! तीन रेघांत सुरेशभावजींची वाकलेली पाठ. कॉलेजात मी प्रयोगवहीत बेडूक तासभर खोडत बसायचे. ही पेन्सिलही घेत नाही, थेट पेन.

आज पुन्हा तीच चूक. बोलण्याचा फुगा आधी, त्यातला मजकूर नंतर. शेवटची ओळ भावजींच्या टकलावर.
"किती वेळा सांगू नलू, आधी अक्षरं, मग फुगा."
"राहू द्या ताई, तिथे जागा मोकळीच आहे."
हसू आलं. दाखवलं नाही.

भावजी रिटायर झाल्यापासून जुनी घड्याळं दुरुस्त करतात. भिंतीवर अकरा, प्रत्येकाची वेळ निराळी. चित्रात पाहुणा विचारतो, किती वाजले? भावजी : कुठल्या घड्याळात?
खाली सोसायटीच्या बोर्डावर लावून आलो.

ता. ७, बुध.
नलूचा फोन. चित्र गाजलं. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई घड्याळं बघायला घरी आल्या. वॉचमनने फोटो गावी पाठवला. सव्वा वर्ष दर आठवड्याला एक चित्र, एक खाडा नाही, घरचं सगळं करून. इतकी शिस्त मी ऑफिसात कुणात पाहिली नाही.

ता. ११, रवि.
भिंत रिकामी. नुसते खिळे. घड्याळं खोक्यात भरून माळ्यावर. लिफ्टमध्ये रोज कोणीतरी, "काका, टाइम काय झाला? कुठल्या घड्याळात?"
मी म्हटलं, "भावजी, लोक हसले म्हणून अंगाला भोकं पडतात का?"
"वहिनी, तुम्हाला नाही ना काढलं कधी."
एवढंच. मग पेपर तोंडासमोर.
नलूने कागदच काढला नव्हता. "बंद आता ताई. त्यांचा छंद गेला माझ्यापायी."
दोघांवर रागावून निघाले. रिक्षात बसल्यावर पटलं, भावजींचं बरोबर आहे.

ता. १४, बुध.
संक्रांत. नलू तिळगूळ घेऊन आली. चहा व्हायच्या आत सांगून टाकलं, "मला काढ."
"तुम्हाला?" बघतच राहिली.
"पण मला छंद नाही."
"आहे ना ताई." काय ते सांगेना. लाडू खात हसत बसली.

ता. १८, रवि.
काढलंय.
पहिल्या चौकटीत मी परक्याच्या घरी, तिरकी तसबीर सरळ करतेय. दुसरीत भाजीवाल्याचे टोमॅटो आकाराप्रमाणे लावतेय, तो म्हणतोय, "मावशी, घ्यायचे आहेत का?" तिसरीत देवळातली रांग सरळ करतेय. पुजारीही रांगेत.
चौथीत मी घरी. एकटी. सगळं जागच्या जागी. हात मांडीवर. फुगा नाही.
"इथे काय लिहू?"
"इथे काही नाही ताई."
हे गेल्यापासूनची माझी संध्याकाळ. तिच्याजवळ मी कधी बोललेले नाही. चेहऱ्याला मोजून चार रेघा. कुठे शिकली ही? विचारलं तर म्हणाली, "तुमच्याकडे बघून."
भावजी मागून डोकावले. "वहिनी, हनुवटी अगदी बरोबर आली हं." आठवड्यानंतर प्रथमच तिच्या कागदाकडे वळले म्हणे.
"लावू का?" नलू.
"अक्षरं घालून उद्या सांगते," म्हणून कागद घेऊन आले.

ता. १९, सोम.
तीन चौकटींतली अक्षरं झाली. शाई वाळली.
दुपारी नलूचा मेसेज. भावजींनी माळ्यावरून खोकं खाली घेतलंय, उघडलेलं नाही. "ते विचारतायत, वहिनींचं चित्र बोर्डावर लागणार ना?"
चित्र पुन्हा समोर घेतलं. चूक सापडली असती तर परत पाठवता आलं असतं. तीनदा पाहिलं. एक रेघ इकडची तिकडे करण्यासारखी नाही.
उत्तर अजून दिलेलं नाही.