मृदंगे हे आडनाव कोणी लावावे

मी नागनाथ बंडोपंत, वय अडुसष्ट, राहणार हिंगोली, नरसिंहाच्या देवळामागची आळी, काम त्याच देवळात पखवाजाची सेवा. आज अक्कल ठिकाणावर आहे, मानगुटीवर कोणी बसलेले नाही, म्हणून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आडनाव मुद्दाम गाळले आहे. भांडण त्याचेच आहे.

आम्ही मूळचे जोशी. घराण्याचा रिवाज असा की, देवापुढे जो पखवाज वाजवील त्या एकानेच मृदंगे लावावे, बाकीच्या भाऊबंदांनी जोशीच राहावे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावल्याशिवाय त्याला घुमारा येत नाही. ती किती लावायची हे ज्याच्या हाताला कळले, त्याला नाव मिळते. वाजवून झाले की कणीक खरवडून गाईला घालायची. वडिलांनी मला नाव दिले तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो आणि छाती फुगवून आळीभर फिरलो होतो.

कलम पहिले. दोन खणांचे घर आणि परसातली विहीर माझी धाकटी बहीण कालिंदी हिला. ती तेराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली आणि तेव्हापासून या घरातली चूल तिनेच पेटवली आहे. तिला कोणी उठवू नये.

कलम दुसरे. पुतण्या गोपाळ याला माझी छत्री. ती गळते. याहून जास्त त्याला देण्याची माझी इच्छा नाही, आणि कारण लिहितो. त्याने वाजंत्र्यांचा बँड काढला, मोठ्या ढोलावर लाल रंगात ‘मृदंगे’ रंगवले, आणि जवळा बाजारच्या लग्नात घोड्यापुढे सिनेमातली गाणी वाजवत नाचला. लोक मला म्हणाले, तुमचं नाव गाजून राहिलं बुवा. गेल्या श्रावणात मी तापाने पडलो असताना त्याने पखवाज मिरवायला म्हणून नेला आणि चार दिवस कणीक काढलीच नाही. परत आणला तेव्हा कणकेला हिरवी बुरशी, आत अळ्या, आणि कातडे उंदरांनी कुरतडलेले. त्या वासाची शिसारी अजून जात नाही. वर मला म्हणतो, “काका, काहून एवढे तापून राहिले? कातडंच हाये, दुसरं बसवू.” त्याने आजपासून जोशी लिहावे. ढोलावरचा रंग स्वतः घासून काढावा.

कलम तिसरे. इथपर्यंत वाचून गोपाळला वाटेल, म्हाताऱ्याला फक्त माझीच किळस आहे. तसे नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी डोंगरकड्याहून येताना बैलगाडी उलटली आणि माझ्या उजव्या हाताची दोन बोटे कायमची आखडली. जत्रा आठ दिवसांवर होती. कालिंदी लहानपणी भिंतीआड बसून वडिलांची शिकवणी ऐकत असे आणि पाटावर बोटे चालवीत असे, हे मला माहीत होते. मी देवळाच्या ओवरीला बांबूच्या काड्यांचा पडदा, चिक लावली. वाऱ्याने पखवाजाच्या उजव्या तोंडावरची शाई सुकते, असे देवळाच्या पंचांना सांगितले. पहाटे कोणी यायच्या आत ती माझ्याबरोबर चिकेआड जाऊन बसायची आणि लोक पांगल्यावरच निघायची. वाजवायची ती. आरती संपली की मी दोन्ही तळहातांना कणीक फासून बाहेर यायचो, आणि लोक माझ्या पाया पडायचे. एकोणीस वर्षे. माझे अक्षर त्या दिवसापासून वाकडे झाले, पण एकानेही विचारले नाही की बुवा, लेखणी नीट धरवत नाही तर पखवाज कसा वाजतो.

एकदा तिने विचारले होते, “दादा, पोथीच्या मागल्या पानावर मी एकदाच कालिंदी मृदंगे लिहू का? कोणाला दाखवणार न्हाई.” मी म्हणालो, “बाईला आडनाव सासरचं. तुला बराबर ठाऊक आहे.” ती बरं म्हणाली आणि कणीक तिंबायला बसली. गोपाळने नाव ढोलावर रंगवले. मी ते अंगावर घालून हिंडलो. दोघांत जास्त ओंगळ कोण, हे मला विचारू नका, मला माहीत आहे.

कलम चौथे. पखवाजाला नवे कातडे चढवले आहे. तो कालिंदीचा. मृदंगे हे आडनावही आजपासून तिचे. तिच्यानंतर ते कोणाला द्यायचे, पोराला की पोरीला, नात्यात की बाहेर, हे तिचा हात ठरवील. पंचांनी हरकत घेतल्यास त्यांनी आधी डोळे मिटून तिची एक आरती ऐकावी. ती त्यांनी एकोणीस वर्षे ऐकलीच आहे.

कलम पाचवे. माझ्या सरणावर सर्वांत खाली ती चिक घालावी. चौदाव्या दिवशी कालिंदीने उघड्या ओवरीत देवापुढे बसावे. नंतर कणकेचे हात धुऊ नयेत, तसेच बाहेर यावे.

खाली साक्षीदार आहेत. त्यांतला उत्तमसिंग हा देवळाचा राखणदार. हे वाचून दाखवल्यावर तो म्हणाला, “बुवा, ओवरी मी झाडतो. लुगड्याची चिंधी सापडली तवाच समजलं व्हतं. तुमी कधी सांगता, याची वाट पाहून राहिलो व्हतो.” मला त्याच्याकडे पाहवले नाही.

साक्षीदार:
१. उत्तमसिंग प्रेमसिंग, निशाणी अंगठा
२. तातेराव किसनराव, राहणार डोंगरकडा, सही

मुक्काम हिंगोली, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८६३, फसली सन १३५१

लिहून देणार,
नागनाथ बंडोपंत जोशी